लेस बांधतानाचा वेळ

सकाळी तळ्याकाठी माझ्यापुढे धावणारे देशमुख लेस बांधायला थांबले, पण वाकण्याआधी त्यांचं बोट मनगटावरच्या घड्याळाकडे गेलं. मॅरेथॉन चार तासांच्या आत संपवायचीच, असं ते वर्षभर सांगतायत; सरावाची वेळही रोज ग्रुपवर टाकतात. मला शंका आलीच.

"घड्याळ थांबवता की काय?" मी विचारलं.

"लेस बांधणं म्हणजे धावणं आहे का हो?" ते हसले.

म्हणजे सिग्नल, पाणी, लागलेली धाप, सगळंच वजा. असं वजा करत गेलं तर कुणाचंही आयुष्य ठरल्या वेळेत बसेल. तेव्हापासून त्यांच्या एकाही वेळेवर माझा विश्वास नाही.

माझ्या घड्याळावरचं ते थांबवायचं बटण मला न बघताही सापडतं, हे मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही.