खाली ओढलेली खिडकी

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. खोपोलीतल्या त्या कारखान्यात लोखंडाचा भुगा, तेल, धूर यांची कुणाला पर्वा नव्हती, पण या एका खोलीत धुळीचा कण चालत नसे. थंड हवेचं यंत्र दोनच ठिकाणी होतं, मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये आणि इथे. पहिल्या दिवशी मशीनला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि शिपायाने माऊसकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, या उंदराला खायला काय घालायचं?" सगळे हसले, मी सोडून. मी मुंबईला आठ दिवस ट्रेनिंग घेऊन आले होते ना! चांगलीच शेफारले होते मी.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटची. मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. म्हणजे ड्राफ्ट्समनने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायची. आम्ही पाण्याचे पंप बनवायचो, त्यांचे नकाशे. खालापूरच्या पलीकडच्या आमच्या गावातून मी एसटीने यायचे. घरी भातशेती, आणि शाई-कागदाशी संबंध असलेली मी पहिलीच.

ही नोकरी मला चाचांमुळे मिळाली. चाचा म्हणजे आमचे हेड ड्राफ्ट्समन. खालापुरातलेच, पन्नाशी उलटलेले, पांढरी दाढी आणि खिशाला तीन पेन्सिली. माझी परीक्षा त्यांनीच घेतली होती आणि साहेबांना म्हणाले होते, "पोरीचा हात सरळ हाय. बाकीचं मी शिकवीन." शिकवलंही. रेघ ओढताना श्वास कधी सोडायचा हेसुद्धा. ते स्वतः डावखुरे होते, म्हणून मला दाखवताना माझ्यासमोर बसायचे, आरशात बघावं तसं. एकच कुरकुर असायची, माझ्या बांगड्यांची. "काढून ठेव गं, शाई पसरंल." मी डझनावरून दोनवर आले, पण उजव्या हातातल्या त्या दोन हिरव्या बांगड्या काही उतरवल्या नाहीत. शेवटी त्यांनी नाद सोडला.

तर आता उलटं झालं. आता मी त्यांना शिकवायचं होतं.

पडद्यावर एकाच वेळी तीन-चार चौकटी उघडता येत. त्यांना खिडक्या म्हणायचं. एकीत नकाशा, दुसरीत सुट्या भागांची यादी, तिसरीत पत्र. त्या मागेपुढे कशा करायच्या ते सगळं हाताच्या हालचालींवर होतं. खिडकीच्या डोक्यावरची पट्टी माऊसने दाबून धरायची आणि हवी तिकडे ओढायची. कोपरा धरून ओढला की खिडकी लहानमोठी. डाव्या कोपऱ्यात दोनदा टकटक केलं की बंद. चाचांचा हात रेघेला दगडासारखा स्थिर, पण त्या दोन टकटकींच्या मध्ये माऊस नेमका घसरायचा. टेबल संपलं की ते माऊस हवेत धरून पुढे न्यायचे आणि पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही म्हणून माझ्याकडे बघायचे. मला हसू यायचं. मी ते लपवतही नसे.

एका गोष्टीशी मात्र त्यांचं काही केल्या जमेना. एक खिडकी दुसरीवर आली की खालची पूर्ण झाकली जाई.

"वर दुसरा कागद ठेवला तरी खालचा दिसाय नको का गं?" ते विचारायचे.

त्यांचंही बरोबरच होतं. आमचा सगळा धंदाच त्यावर उभा होता. तीस वर्षं त्यांनी कागदावर कागद ठेवला आणि खालचा त्यांना दिसला. जे दिसत नाही ते कागदावर नाही, एवढं साधं गणित. "चाचा, ही काच नाही, भिंत समजा," मी म्हणायचे, आणि ते मान डोलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. माऊस डाव्या हाताला घेऊन, आठ दिवस बसून, त्यांनी एका पंपाचा पूर्ण नकाशा मशीनवर काढला. एकट्याने.

तो नकाशा बघायला गुरुवारी मुंबईच्या ऑफिसातले पाहुणे येणार होते. मशीन एक आणि खुर्चीही एकच. त्या खुर्चीवर कायमचं कोण बसणार ते गुरुवारी ठरणार होतं, आणि ती चाचांनाच मिळावी असं खुद्द साहेबांनाही वाटत होतं. न मिळाली तर काय, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीपर्यंत नकाशे काढायचे लाकडी बोर्ड हलवायचे होते. उरलेली माणसं प्रिंट रूममध्ये जाणार होती, अमोनियाच्या वासात नकाशांच्या प्रती काढायला. चाचांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती.

आणि त्याच आठवड्यात, बुधवारी, त्यांनी माझं एक ट्रेसिंग परत केलं. तीन दिवसांचं काम. दोन भोकांमधलं अंतर मी चुकीचं उतरवलं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर लाल पेन्सिलीने आडवी फुली मारली आणि म्हणाले, "कॉम्प्युटर शिकलीस, पन मोजायला इसारलीस व्हय गं?" सगळे फिदीफिदी हसले. चूक माझीच होती, म्हणून तर राग जास्त आला. रात्रभर मी धुमसत होते.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी खोलीपाशी गेले. दाराशी चाचांच्या चपला नव्हत्या, म्हणजे ते डबा खायला गेले होते. आत पडद्यावर त्यांचा नकाशा उघडाच होता. बंद करायला ते घाबरायचे. मी माऊस उचलला, माझ्या सवयीने उजवीकडे घेतला, नकाशाची पट्टी धरली आणि ती खिडकी सरळ खाली ओढली. पडद्याच्या तळाशी पट्टीची नखाएवढी कड तेवढी उरली. मग सुट्या भागांची यादी मोठी करून मधोमध आणली. एवढंच केलं मी. पाच सेकंदांचंही काम नव्हतं. दोन मिनिटं घाबरू देत, मग मी येऊन काढून देईन, असं मनात होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

पाहुणे वेळेआधी आले. मी हात धुऊन परतते तो दाराशी बुटांची रांग. आत पाहुणे मोज्यांवर उभे, साहेब कौतुकाने बोलताहेत आणि चाचा खुर्चीवर बसलेले.

"दाखवा," साहेब म्हणाले.

चाचांनी पडद्याकडे पाहिलं. पुढे झुकले. मग मान डावीकडे केली, उजवीकडे केली, प्रकाशात ट्रेसिंग पेपर बघतात तशी, खालचं काही दिसतंय का म्हणून. शेवटी त्यांनी काचेवर तळहात ठेवला. तो तळहात मला आजही दिसतो.

"साहेब, पुसलं गेलं," ते म्हणाले. "माझ्याच हातनं गेलं असंल."

"आठ दिवसांचं काम?"

"चूक माझी हाय, साहेब."

तेव्हा मला बोलता आलं असतं. चार शब्द होते, "साहेब, मी ते लपवलं." तोंड उघडलंही मी. आणि बाहेर काय आलं? "मी बघू का, साहेब?"

चाचा खुर्चीवरून उठले. मी बसले, खालची कड धरली आणि खिडकी वर ओढली. अख्खा पंप पडद्यावर आला, एकूण एक रेघ जागच्या जागी. एका पाहुण्याने टाळी वाजवली. साहेब हसत म्हणाले, "चला, ठरवायचं कामच उरलं नाही. आता या मशीनवर हीच बसेल." मी मान खाली घालून माऊसकडे बघत राहिले. तो जेवणाच्या सुट्टीपासून उजवीकडेच होता. परत डावीकडे ठेवायचं मी विसरले होते.

"शाब्बास गं," चाचा म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळून, "पोरगी माझ्याच हाताखाली तयार झालीय."

मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खुर्ची मी सोडली नाही.

दिवाळीनंतर चाचा प्रिंट रूममध्ये गेले. अमोनियाने त्यांचे डोळे लाल राहायचे. चहाच्या वेळी ते नळावर डोळ्यांवर पाणी मारताना दिसले की मी दुसऱ्या वाटेने जायचे. किती वेळा ठरवलं, आज सांगायचंच. एकदा त्यांच्यासाठी डब्यात घावनं घेऊन गेले. ते आवडीने खाऊन म्हणाले, "आयनं केली का गं? सांग, झ्याक झालीत," आणि मी हो म्हणून परत आले. घावनांनी काय फिटणार होतं?

पुढच्या वर्षी आणखी दोन मशीन यायची ठरली आणि चार नवी मुलं-मुली शिकायला माझ्या हाताखाली आली. खिडक्यांपाशी त्यांचाही गोंधळ व्हायचा. हे चाचांच्या कानावर गेलं असावं. एका दुपारी ते आले, दाराशी चपला काढल्या आणि माझ्यापुढे एक कागद पसरला. कारखान्याचे नकाशे इंग्रजीत असत, हा त्यांनी मराठीत केला होता. शाईत, सुरेख. खिडकी सरकवणे, लहान करणे, मोठी करणे, बंद करणे. प्रत्येक चित्रात माऊसवर हात, बाणाने दाखवलेली दिशा, खाली एक ओळ. चारही चित्रांतला हात डावा होता, त्यांचा स्वतःचा.

पाचव्या चित्राखाली लिहिलं होतं, "खिडकी पुसलेली नाही, खाली ओढलेली आहे. कड धरून वर आणावी." त्या चित्रातला हात उजवा होता. मनगटात दोन बांगड्या होत्या.

मी माझ्या मनगटाकडे बघितलं. म्हणजे त्या गुरुवारी खुर्चीवर बसतानाच त्यांनी उजवीकडचा माऊस पाहिला होता. शाब्बास म्हणाले तेव्हा त्यांना माहीत होतं, घावनं खाल्ली तेव्हाही माहीत होतं.

"चूक असंल तर सांग," चाचा म्हणाले. "तपासल्याबिगर भिंतीवर लावायचा नाय."

कागदाच्या कोपऱ्यात नेहमीची चौकट होती. "काढले" समोर त्यांची सही होती. "तपासले" समोरची जागा माझ्यासाठी मोकळी. मी वर बघितलं. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बरोबर हाय ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे, चाचा," मी म्हटलं, आणि सही केली. सहीची रेघ वाकडी आली, तशी त्यांनी कधी पास केली नसती. त्यांनी शाईवर फुंकर घातली, कागद चार टाचण्यांनी मशीनशेजारी लावला आणि चपला घालून प्रिंट रूमकडे गेले.

माफी मी तेव्हाही मागितली नाही, नंतरही नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा हार घालायला मीच पुढे होते.

तो कागद पिवळा पडेपर्यंत भिंतीवर होता. त्यावरून सगळी शिकली. नव्या मुलींतल्या एकीने एकदा विचारलं, "मॅडम, चार हात डावे आणि हा एकच उजवा कसा?"

"तो माझा आहे," मी म्हटलं.

"अय्या, तुमचा?" ती कौतुकाने म्हणाली. "चाचांचा तुमच्यावर किती जीव होता ना!"

होता, मी म्हटलं, आणि तिला पुढची खिडकी उघडायला सांगितलं.