गेटच्या आत की बाहेर?

टाइम ऑफिसच्या खिडकीत बसणाऱ्याकडे किस्से आपोआप जमतात. त्याला कुठं जावं लागत नाही; सगळं जग पट्ट्या बांधून त्याच्याकडे येतं! साठच्या दशकात तारापूरच्या किनाऱ्यावर मोठं बांधकाम चाललं होतं. तिथं एका लहान ठेकेदाराकडे मी टाइमकीपर होतो. सकाळी मजुराला पितळी बिल्ला द्यायचा, संध्याकाळी परत घेऊन फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा, आणि रजिस्टरात 'जमा' लिहायचं. कोणी जखमी झाला की फॉर्म भरायचा. फॉर्म पाहून आमचे साहेब एकच विचारत, "गेटच्या आत की बाहेर?" आत असेल तर भरपाई. बाहेर असेल तर नशीब.

*

नवापूरचा धर्मा कोळी कामावर येताना खाडीवरच्या फळीवरून घसरला. पाय मोडला. दोघांनी उचलून त्याला साहेबांपुढं आणला.

"मी काय दर्यावर नव्हतो चाललो सायेब, तुमच्याकडंच येत होतो!"

"येत होतास. आला नव्हतास."

धर्मा कण्हत म्हणाला, "बरं हाय. पुढल्या खेपेला मोडका पाय घेऊन आत येतो, आन् मंग पडतो!"

आम्ही सगळे हसलो. धर्मा पुढं कधी होडीवर चढू शकला नाही. ते कळल्यावर त्या हसण्याची लाज वाटली.

*

वेल्डर रामआसरेला तर ऐन गेटात साप चावला. एक पाय आत, एक बाहेर! आता साहेब काय करणार, म्हणून आम्ही सगळे खुशीत.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "कौनसा पैर?"

"बायाँ, साहब."

"बायाँ बाहर था।"

रामआसरे वाचला. पंधरा दिवसांनी कामावर आला तेव्हा गेटाशी थांबून मला म्हणाला, "बाबूजी, अब दोनों पैर एक साथ रखता हूँ!" आणि खरोखरच उडी मारून आत आला.

*

मासवणचा बारक्या हे सगळं बघत होता. डोंगरातला अबोल माणूस. एकदा खिडकीशी येऊन म्हणाला, "भाऊ, बिल्ला गळ्यात हाय तवर माणूस कामावर, ना?"

"हो रे बाबा," मी मान वर न करता म्हणालो.

त्या संध्याकाळी फळ्यावरचे अकरा खिळे रिकामे! मासवणची सगळी टोळी बिल्ले घालूनच घरी गेली होती. सकाळी बारक्यानं खुलासा केला, "वाटंत काय झालं, तर आमी कामावरच ना!"

साहेब असे भडकले की विचारू नका. दहा जणांनी बिल्ले परत द्यायला सुरुवात केली. बारक्या मात्र सदऱ्याखाली लपवून नेतच राहिला. मला दिसायचं. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून मी रोज त्याच्या नावापुढं 'जमा' लिहीत होतो.

*

एका संध्याकाळी मजुरांना घरी सोडणारा आमचाच ट्रक बेटेगावजवळ उलटला. बारक्या दवाखान्यात पोचायच्या आत गेला. प्रेत मासवणला न्यायला मी गाडी मागितली. "ट्रक मोडलाय, दुसरी गाडी नाही," साहेब म्हणाले. शेवटी आम्ही त्याला दवाखान्याजवळच अग्नी दिला.

मी फॉर्म घेऊन गेलो.

"बाहेर," साहेब म्हणाले.

"ट्रक आपला होता, साहेब!"

"ती सोय होती. बसायची सक्ती नव्हती."

"त्याच्या गळ्यात बिल्ला होता. तो कामावरच होता!"

साहेबांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढं सरकवलं. "इथं जमा लिहिलंय. अक्षर तुमचंच ना?"

माझंच होतं.

*

आठवड्यानं बारक्याची बायको जानी चालत आली. दवाखान्यातून मिळालेला बिल्ला तिच्या पदराच्या गाठीत होता. मी बोलायचं टाळत होतो. मागून साहेबच म्हणाले, "बाई, त्याची सुटी झाली होती. तो कामावर नव्हता."

"कामावर नव्हता?" जानीनं माझ्याकडं बघितलं. "भाऊ, सकाळी तुज्याकडंच आला ना तो? मी भाकर बांधून दिली. घरी तर अजून आला नाय."

मी बिल्ल्यासाठी हात पुढं केला. तिनं गाठ सोडली, बिल्ला पाहिला, आणि गाठ पुन्हा घट्ट मारली.

"तो घरी आला का मंग देतंय," ती म्हणाली.