भिंतीतलं दार

बुलढाण्यात चिखली रोडला दहा मजली टॉवर उभा राहिला, तेव्हा माझ्या धाकट्या भावानं नवव्या मजल्यावरचा मोठा फ्लॅट घेतला. बियाण्यांच्या दुकानात त्याचं बरं चाललंय. आतलं सगळं काम त्यानं पुण्याच्या डिझायनरकडून करून घेतलं. मी देऊळघाटला शाळेत शिकवते, माय माझ्याजवळच राहते. वास्तुशांतीनंतर आम्ही दोघी चार दिवस तिथं राहायला गेलो.

हॉलमध्ये मी वरच पाहत राहिले. छतातून उजेड झिरपत होता, पण दिवा कुठं दिसत नव्हता. एक अख्खी भिंत उभ्या लाकडी पट्ट्यांची. आवाज घुमू नये म्हणून पट्ट्यांमागे जाड अस्तर. दारांना, कपाटांना कडी नाही, मूठ नाही. फ्रीजसुद्धा कपाटाच्या पोटात.

"नुसतं दाबलं का उघडते, ताई," भावजय हौसेनं दाखवत होती.

जेवणं झाली. माय हात धुवायला उठली आणि आम्ही तिघं बोलत बसलो. बराच वेळ ती आली नाही. हाक मारली, ओ नाही. सगळ्या खोल्या पाहिल्या, खोल्यांमधली बाथरूमं पाहिली. चपला दाराशी तशाच होत्या. आणि गॅलरीची काच उघडी होती.

मी आणि भाऊ एकाच वेळी थबकलो.

"ताई, तू पाह्य खाली," तो म्हणाला. "माह्यानं होत नाही."

कठडा धरून मी खाली वाकले. वॉचमन पाइपनं कोणाची तरी गाडी धूत होता. बाकी काही नव्हतं. तरी मला कठडा सोडवत नव्हता. भाऊ लिफ्टची वाटही न पाहता जिन्यानं खाली धावला.

तेवढ्यात भावजय किंचाळली, "अवो, पाहुण्यायचं बाथरूम!" ती त्या लाकडी भिंतीवर तळहात दाबत पळत सुटली. एक पट्टी आत गेली, दार उघडलं, आणि आतला दिवा आपोआप लागला. माय फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

दार किलकिलं दिसलं म्हणून ती आत गेली होती. लावून घेतल्यावर आतूनही ते भिंतीसारखंच. उघडायला बोट जाईल एवढी बारीक खाच, ती तिला सापडली नाही. तिनं हाका मारल्या, थापा मारल्या. आमच्यापर्यंत काहीच आलं नाही.

"मले वाटलं, मी मेली," ती म्हणाली. तिचे हात गार पडले होते. "हललं का उजेड होये, गप बसलं का अंधार. उजेडात चारीकून भिंतच दिसे. मंग मी हललीच नाही."

भाऊ धापा टाकत वर आला. तिला पाहिलं आणि तिथंच खाली बसला. दुकानात माणसं ज्याच्या आवाजाला बिचकतात, तो लेकरासारखा हुंदके देत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं इथलाच सुतार बोलावून त्या दाराला दोन्हीकडून जाड स्टीलच्या मुठी बसवल्या. ते कळल्यावर डिझायनरचा फोन आला, "अहो, सगळी भिंत बिघडेल."

"बिघडू द्या," भावानं एवढंच सांगितलं.

त्यानंतर त्या गॅलरीत मी पाय ठेवलेला नाही.  माय मात्र भावाकडे जाते, राहतेही. फक्त त्या बाथरूमचं दार लावत नाही. भावजय बाहेर पाठमोरी उभी राहते आणि दोघींचं बोलणं चालू असतं, भाजीचं, नातवंडांचं, कशाचंही. एवढं त्या आधी कधीच बोलत नव्हत्या.