मलमलचं माहेर

आमच्या शेजारच्या कापडवाल्या शेठइतका लांबचा विचार करणारा माणूस घोडेगावात आजवर झाला नाही आणि पुढेही होईलसं वाटत नाही. म्हणजे उद्या सकाळच्या चहाला घरात साखर आहे का, हे त्यांना ठाऊक नसतं. दुकानाचं छप्पर किती वर्षं गळतंय, तेही विचारू नका. पण आज सकाळी जन्मलेल्या, अजून डोळेही न उघडलेल्या पिल्लाच्या नातवाला बायको कुठून आणायची, या काळजीने त्यांना आज दुपारचं जेवण जात नाही. "शेठ कुत्री पाळतात" असं कुणी म्हटलं की ते उखडतात. "पाळायला काय, लोक पोपटपण पाळतात. मी वंश सांभाळतो," असं म्हणून चष्मा पुसतात आणि समोरच्याला वंश म्हणजे काय ते समजावू लागतात. गिऱ्हाईक ब्लाउजपीसला आलेलं असतं. ते बिचारं कुत्र्याच्या पणजीपर्यंतची माहिती घेऊन, ब्लाउजपीस विसरून घरी जातं.

हा वंश म्हणजे कारवानी कुत्र्यांचा. लांबोडकं तोंड, खोल छाती, आणि कंबर अशी बारीक की शेठाणी म्हणतात, "या घरात कंबर आता फक्त कुत्र्यांनाच उरलीय." पूर्वी मेंढरांमागे, माळावर ही कुत्री असायची. आता ज्याच्या त्याच्या दारात परदेशी केसाळ कुत्री पंख्याखाली धापा टाकत पडलेली दिसतात आणि अस्सल कारवानी शोधून सापडत नाही. शेठच्या आजोबांना एका धनगराने कापडाची गाठोडी राखायला एक जोडी दिली होती, तिथपासून ही कुत्री या घरात आहेत. आता गंमत बघा. घर पक्कं जैन. कांदा नाही, लसूण नाही, दिवस मावळला की अन्न नाही. आणि सांभाळायची जात कुठली, तर शिकारीची! पण शेठना त्याचं काही नाही. ते लाल मखमलीचा तुकडा दोरीला बांधतात, दोरी मोटारसायकलला बांधतात आणि नदीकाठच्या मोकळ्या रानात गाडी पळवतात. मागून चार कारवानी वाऱ्यासारखी सुटतात. पळण्याची हौस फिटते, ससा घरी सुखरूप. जनावरांच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं की शेठ, यांना अंडी द्यायलाच हवीत. त्यावर शेठनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोकडे आले. तेव्हापासून अंडी आमच्या गॅसवर उकडतात आणि आमच्या पायरीवर खाल्ली जातात. त्या वेळी शेठ आपल्या ओट्यावर पाठमोरे उभे राहून रस्त्यावरची रहदारी बघतात. "तुमच्या दारात ती काय खातात, ते मला कसं दिसणार?" असं वर मलाच विचारतात.

कुत्र्यांची नावं सगळी कापडाची. रेशीम, टसर, पॉपलीन, मलमल. एकाचं नाव तर मांजरपाट होतं. हाक मारली की ते आधी चारी बाजूंना बघून घ्यायचं आणि मगच यायचं. पिल्लं शेठ कधी विकत नाहीत. देतात, आणि तीही लेक द्यावी तशी. पिल्लू मागायला आलेल्या माणसाला आधी गादीवर बसवायचं, चहा द्यायचा आणि मग चौकशी सुरू. घरात दिवसभर कोण असतं? बिबट्या फिरायला लागला की कुत्रं घरात घेता की अंगणात बांधता? गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालणार की शोभेची घुंगरं? पुण्याहून एकदा एक गृहस्थ मोठ्या गाडीतून आले होते. "सोसायटीत कुणाकडेच असलं कुत्रं नाही," हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. शेठनी त्यांना दुसरा चहा पाजला, एक छान शर्टपीस हातावर ठेवला आणि वाटेला लावलं. चौकशीत पास झालेल्या घराला मात्र नारळ, घरातल्या बाईला खण, आणि तीन अटी. मादी दोन वर्षांची झाल्याशिवाय तिचं लग्न नाही. लग्न कुणाशी, ते शेठ ठरवणार, कारण नात्यात नातं झालं की पिल्लं भित्री आणि किडकिडी निपजतात. आणि तिसरी अट अशी की पहिलं बाळंतपण माहेरी. माहेरी म्हणजे इथे, दुकानाच्या मागच्या खोलीत, कटपिसांच्या मऊ ढिगावर. शेठाणी स्वतः सुंठ घालून शिरा करतात. "आमच्या सुनेने पुण्याच्या दवाखान्यात सगळं उरकलं. माझी हौस कुठं फिटणार मग?" असं त्या म्हणतात.

या सगळ्यात माझा संबंध एवढाच की माझं मेडिकलचं दुकान शेठच्या भिंतीला भिंत लावून आहे आणि माझ्याकडे जुनी व्हॅन आहे. मी कुत्र्यांना भितो. आजही भितो, सांगायला लाज कसली? पण शेठनी कधी हे लक्षातच घेतलं नाही. "तुम्ही पुढे बघून गाडी चालवा, ती मागे बसतील," एवढाच त्यांचा तोडगा. अशाने तालुक्यातल्या कित्येक कुत्र्यांच्या लग्नांना मी ड्रायव्हर म्हणून हजर राहिलो आहे. मानेवर गरम श्वास झेलत गाडी चालवणं म्हणजे काय असतं, ते माझं मला माहीत.

त्यातलं मलमलचं लग्न मात्र जन्मात विसरणार नाही. मलमल म्हणजे शेठच्या आजोबांच्या जोडीच्या रक्ताची उरलेली शेवटची मादी. ती तळेघरला एका भातशेती करणाऱ्या बाईंकडे दिली होती. शेठ त्यांना विहीणबाई म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. मलमल पाच वर्षांची झाली तरी बिनलग्नाची, कारण जवळपासची सगळी कुत्री तिची चुलत नाहीतर मावसभावंडं. आणखी वर्ष गेलं असतं तर पहिलं बाळंतपण तिला झेपलं नसतं आणि तो वंश तिथेच संपला असता. एवढ्यात शेठना पॉपलीन मिळाला. पार बाहेरच्या रक्ताचा. आणि दिसायला असा देखणा की मीसुद्धा लांबून त्याचं कौतुक करायचो. त्याचं आधीचं एक पिल्लू अवसरी बुद्रुकला एका शेतकऱ्याकडे वाढत होतं, तेही दृष्ट लागावं असं. शेठनी लग्न पक्कं केलं. पुढच्या दोन पिढ्यांच्या सोयरिकीही मनातल्या मनात उरकून टाकल्या. मलमल माजावर आल्याचा निरोप आला, तशी आमची वरात निघाली. पॉपलीनच्या गळ्यात झेंडूची माळ, शेठच्या डोक्याला फेटा, आणि मी आपला स्टिअरिंग घट्ट धरून.

शिनोलीत चहाला थांबलो. तेवढ्यात शेठचा फोन वाजला. अवसरीचा शेतकरी बोलत होता. शेठनी फोन कानाला लावला की समोरच्याचा आवाज चार माणसांना ऐकू येतो, त्यामुळे मीही सगळं ऐकलं. "शेट, पिल्लाला झटके येत्यात. ताठ पडतंय, तोंडाला फेस. आज तिसऱ्यांदा झालं. आधी बोललो न्हाई, म्हटलं उनानं असंल. डाक्टर म्हनतोय, बापाकडनं आलेलं असू शकतं, नसूबी शकतं. पर मी कुनाला सांगनार न्हाई, तुमी घोर लावून घेऊ नका." शेठनी फोन ठेवला. समोर चहा तसाच. व्हॅनमधून पॉपलीन माळेतला झेंडू चघळत आमच्याकडे बघत होता. मी म्हणालो, "अहो, असेलच असं थोडंच आहे? डॉक्टरच म्हणतोय नक्की नाही. ही वेळ गेली तर मलमल जाईल हातची." शेठ म्हणाले, "तेच तर. मलमल जाईल. आणि हे खरं निघालं तर मलमलची सगळी पोरं जातील, त्यांची पोरं जातील. मी कापडवाला माणूस. डाग आहे माहीत असून तागा पुढे सरकवू?" मग उठून न प्यायलेल्या चहाचे पैसे दिले. मला वाटलं, आता गाडी मागे वळवायला सांगतील. पण म्हणाले, "चला तळेघरला. हे फोनवर सांगायचं नसतं."

तळेघरला विहीणबाईंनी अंगण सारवून रांगोळी काढली होती. चार शेजारणी नटून आल्या होत्या. आत नाचणीच्या भाकरी, वरण, भात, सगळं साग्रसंगीत तयार. "आलं, व्याही आलं!" असा गलका झाला. शेठ खाली उतरले, फेटा काढून हातात घेतला आणि अंगणाच्या मधोमध उभं राहून म्हणाले, "विहीणबाई, लग्न होणार नाही. आमच्या मुलात खोट आहे." आणि अवसरीचा फोन शब्दन् शब्द सांगितला. मुलाच्या बापाने स्वतः मुलीच्या दारात येऊन मुलाची खोट सांगितल्याचं आमच्या तालुक्यात तरी कुणी ऐकलं नसेल. मी जमिनीकडे बघत राहिलो. विहीणबाई पदर तोंडाला लावून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "शेट, माज्या थोरलीच्या वक्ताला असं कुनी सांगितलं असतं तर लई बरं झालं असतं. पोरगा पितो, हे आमाला वर्षानं कळलं. सगळ्या गावाला म्हाईत व्हतं. एक मानूस बोलला न्हाई." शेठ खाली मान घालून ऐकत होते. बाई उठल्या. "बरं, लगीन न्हाई तर न्हाई. सैपाक तर झालाय ना? बसा, पानं घेते."

जेवण सुग्रास होतं म्हणे. म्हणे अशासाठी, की नवरदेवाला बाहेर सोडायचं नव्हतं आणि व्हॅनजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं. आत मलमल, बाहेर पॉपलीन, दोघांनी असा आक्रोश मांडला होता की एखाद्याला वाटावं आम्ही प्रेमविवाह मोडायला आलोय. शेजारणी येताजाता माझ्याकडे रागाने बघत होत्या. माझं ताट त्यांनी तिथेच आणून दिलं, आणि भाकरीचे मोठे घास काचेच्या फटीतून नवरदेवाने खाल्ले.

त्यानंतरच्या महिन्यात शेठनी पॉपलीनचं ऑपरेशन करून घेतलं. त्याची पिल्लं जिथे जिथे होती तिथे स्वतः जाऊन सांगितलं की बाबांनो, यांची लग्नं करू नका, औषध वेळच्या वेळी द्या आणि जीव लावा. अवसरीच्या पिल्लाचं औषध माझ्या दुकानातून जातं. ते अजून छान आहे. मग शेठ गायब झाले. शेठाणी म्हणाल्या, "गेलेत मेंढरांमागे." खरोखर गेले होते. एका धनगराच्या कळपात त्यांना कान फाटलेला एक तांबडा कारवानी दिसला होता. त्याचे आई-बाप, भावंडं, मावश्या बघायला शेठ वाड्यावाड्यांतून त्या कळपाबरोबर पायी हिंडले. कानाचं विचारलं तर बिबट्याचं काम निघालं, म्हणजे ती खोट जन्माची नव्हे. धनगर शेवटी हात जोडून म्हणाला, "शेट, माज्या पोरीचं जमवताना मीबी एवढी चवकशी केली न्हाई वो." मलमलची पुढची वेळ आली तेव्हा तो फाटक्या कानाचा नवरदेव व्हॅनमधून तळेघरला गेला. त्याला माळ घातली नव्हती. पुन्हा काही आडवं येईल, अशी शेठना भीतीच वाटत होती.

बाळंतपण अर्थात माहेरी. ते अवघड गेलं. डॉक्टर आले, शेठाणी आल्या, माझी बायको गेली, आणि शेठ बाहेर ओट्यावर बसून गिऱ्हाइकाला वारावर वार कापड जास्त मोजत राहिले. पाच पिल्लं झाली. पाचही जगली, मलमलही. शेठ आत जाऊन बघून आले आणि माझ्या काउंटरवर डोकं टेकून ढसाढसा रडले. मीही त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. दुसरं काय करणार?

पिल्लं वाटायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, ती सोनेरी मादी शेठ ठेवून घेणार. सगळ्यांत सरस तीच होती, पुढचा सगळा हिशेब तिच्यावर. पण शेठ मलमलला पोचवायला तळेघरला निघाले तेव्हा ती सोनेरी पोर त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी ती विहीणबाईंच्या ओटीत घातली. "ही पण तुमची. आणि एक मागणं आहे. यापुढे यांची बाळंतपणं इथे करा. माहेर आता हेच." बाई म्हणाल्या, "आन् तुमी?" शेठ हसले. "मी येईन की पाहुणा म्हणून. माझं वय बघा, तिचं वय बघा. ही म्हातारी होईपर्यंत दुकानाच्या मागच्या खोलीत कोण असेल, कुणास ठाऊक. तुमच्याकडे खोटं चालत नाही, हे मला कळलंय. तेवढं पुरे." बाईंनी पिल्लाला पदरात घेतलं आणि नंतर मलाच विचारलं, "शेट जेवतील ना? कांदा घातला न्हाई."

परतताना मागच्या सीटवर पॉपलीन एकटाच होता. आता त्याचं कुठेच काही ठरवायचं नव्हतं, म्हणून तो असाच बरोबर आला होता. उतार लागला. शेठ बोटांवर काहीतरी मोजत होते, मग मोजायचं थांबले.

"दोन वर्षांनी तिचं लग्न करायचं," ते म्हणाले. "मी असलो तर आहेच. नसलो तर तुम्ही जा. विहीणबाईंकडे आपल्या घरचं कुणीतरी उभं राहायला हवं."

मी आयुष्यभर कुत्र्यांना भ्यालेला माणूस. पण ते "आपल्या घरचं" म्हणाले आणि मला पुढचा रस्ता दिसेना. गाडी बाजूला घेतली, चष्मा पुसला.

"जाईन," मी म्हणालो. "फेटा बांधून जाईन."