फोटो कोणाचा?

अख्ख्या रायगड जिल्ह्यात आमच्या सरांइतका संशयी माणूस दुसरा नसेल. आणि असलाच, तर त्याच्यावर सरांचा संशय असेल. मी पेणला इंटर्नशिप करत होतो तेव्हा दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच मुलं रोह्याला त्यांच्या घरी जायचो. छातीचे एक्स-रे वाचायला ते फुकट शिकवत. दार उघडण्याआधी खिडकीतून आमची डोकी मोजत. भिंतीवरचं घड्याळ रेडिओच्या बातम्यांशी ताडून बघत आणि मग बातम्या वेळेवर लागल्या का, याचीही चौकशी करत. फिल्म मुद्दाम उलटी लावायचे. हृदय उजवीकडे बघून आम्ही दुर्मीळ आजारांची नावं घेऊ लागलो की शांतपणे म्हणायचे, "आधी फिल्म सुलटी करा, मग आजार शोधा." आधी नाव, मग तारीख, मग डावं-उजवं, मग हाडं आणि सगळ्यात शेवटी फुप्फुसं. हा क्रम मोडणाऱ्याचा चहा ते परत आत पाठवत.

एका रविवारी पेणजवळच्या जोहे गावच्या एक बाई आल्या. गणपतींच्या कारखान्यात रंगकाम करायच्या. दीड महिना खोकला, अंगावरचं पोलकं सैल झालेलं. पेणच्या एका सेंटरमध्ये काढलेला छातीचा फोटो त्यांनी पुढे केला. नाव त्यांचंच, तारीख बरोबर, फुप्फुसं स्वच्छ. आम्ही एका सुरात म्हणालो, "काही नाही, सर."

सर फिल्मकडे बघतच राहिले. मग बाईंना म्हणाले, "फोटो काढताना गळ्यातलं काढलं होतं का?"

"नाय. तो काढा म्हनाला, पन मी नाय काढलं. सवाष्ण हाय मी."

"मग या फोटोत मंगळसूत्र कुठं आहे?"

फोटो दुसऱ्याच कोणाचा तरी होता.

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन सेंटरवर गेले. फोनवर त्यांचा भरवसा नव्हता. बाईंच्या लगेच आधी जिते गावच्या इरफानचा फोटो निघाला होता. आम्ही त्याच्या घरी पोहोचलो, तर नवी बॅग पलंगाखाली सरकवलेली. दुबईची नोकरी ठरलेली, पण छातीत डाग सांगितल्यावर त्यानं जाणंच सोडून दिलं होतं. "डॉक्टर, चार दिस पोर नीट जेवला नाय," त्याची आई म्हणाली. सरांनी त्याची फिल्म उजेडाकडे धरली. वरच्या बाजूला डाग होता आणि मधोमध मंगळसूत्राच्या दोन वाट्या.

"तू मंगळसूत्र घालतोस का रे?" सरांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की इरफान आधी घाबरला, मग हसला आणि हसता हसता आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. खात्रीसाठी दोघांचेही फोटो पुन्हा काढले. बाईंची थुंकी तपासली, क्षयाची औषधं वेळेत सुरू झाली आणि त्या बऱ्या झाल्या. इरफान महिन्याभरानं दुबईला गेला.

त्या दिवशी इरफानच्या घरून निघून जिते स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी सहज विचारलं, "सर, एवढा संशय आला कुठून?"

रुळांकडे बघत ते म्हणाले, "आमच्या हिचा फोटो मीच वाचला होता. काही निघू नये असं फार वाटत होतं. जे होतं ते मला दिसलं नाही."

तेवढ्यात गाडी आली. गर्दी नव्हती, तरी सर घाईनं पुढे चढले आणि माझ्यासाठी खिडकीजवळच्या जागेवर हात ठेवून बसले.