फ्रेंचवाली आत्या

माझ्या आत्याला जेवढं फ्रेंच येतं तेवढं कल्याणपासून कर्जतपर्यंत कुणालाही येत नाही, हे मी कुठल्याही चौकात माईक हातात घेऊन सांगायला तयार आहे. तिला जे येतं ते फ्रेंचच आहे का, असं मात्र विचारू नये. तिथे मी माईक खाली ठेवीन. वांगणीच्या शेतकऱ्याची मुलगी, सातवीनंतर शाळा सुटलेली, चिखलोलीतल्या भातशेतीच्या घरात दिलेली, आणि पुढे त्याच भातशेतीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलेली ही बाई. जिथे लावणीच्या वेळी ती कमरेत वाकून उभी असायची तिथे आता लिफ्ट आहे, आणि हे ती पाहुण्यांना लिफ्टमध्येच सांगते. अशा बाईने फ्रेंच शिकावं, शिकवावं, ही गोष्ट माझ्या कुठल्याच पत्रकात बसत नाही. मी गेली चार वर्षं मराठी शाळांसाठी पत्रकं लिहिते. कोण चूक, कोण बरोबर हे मला पहिल्या ओळीत कळतं. आत्याच्या बाबतीत अजून कळलेलं नाही.

सुरुवात माझ्या आतेभावामुळे झाली. तो अंबरनाथ पश्चिमेच्या एका शाळेत, जिथे एकाच इमारतीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमं आहेत. आठवीत गेल्यावर शाळेने विचारलं, हिंदी घेणार की फ्रेंच? आणि वर सांगितलं की फ्रेंच ‘स्कोअरिंग’ आहे. भाषा गोड आहे म्हणून नाही, उपयोगाची आहे म्हणून नाही, स्कोअरिंग आहे म्हणून! (याचा मी तेव्हाही निषेध केला होता, आताही करते.) मुलाने फ्रेंच घेतलं आणि लगेच ते सोडूनही दिलं, म्हणजे पुस्तक घरात आणलं आणि पुन्हा उघडलं नाही. फ्रेंचची शिकवणी जवळ नव्हती, मुलाला कल्याणला पाठवायची आत्याची तयारी नव्हती. मग तिनेच पुस्तक उघडलं. घरातले सगळे हसले. इंग्रजी अर्ज आला की शेजारणीकडे धावणारी बाई फ्रेंच शिकणार! मीही हसले. तेव्हा तिने पोळपाटावरून मान वर न करता मला सांगितलं, “इंग्लिश सगल्यांना येतंय गो, म्हनून मना लाज वाटते. फ्रेंच हितं कुनालाच येत नाय. मंग लाजायचं कुनाला?”

तिची शिकण्याची पद्धत एकच. दहा वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंच. उच्चार मुलाने वर्गात ऐकून देवनागरीत लिहून दिलेले, तेही त्याला तासाला झोप लागली नसेल त्या दिवशीचे. त्यामुळे फ्रेंच भाषेत जे परीक्षेला विचारत नाहीत ते जगातच नाही, असा तिचा पक्का समज आहे. तिच्या मते फ्रेंच लोकांना एक भाऊ आणि एक बहीण असते, ते आपल्या खोलीचं वर्णन करतात, वाढदिवसाला मित्राला पत्राने बोलावतात आणि बाजारात जाऊन एक किलो सफरचंदं घेतात. “भांडत नाहीत का गं ते?” मी एकदा विचारलं. “भांडन सिलॅबसमधी नाय,” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर त्या देशाबद्दल आदर होता.

या बाजाराच्या संवादाचा सराव करायला ती मला एकदा उल्हासनगरला घेऊन गेली. पडद्याचं कापड घ्यायचं होतं. दुकानात सिंधी शेठ. आत्याने पदर सावरला आणि संवाद सुरू केला, सफरचंदांच्या जागी पडदे घालून, अगदी शेवटच्या ‘धन्यवाद, महोदय’पर्यंत, सगळा फ्रेंचमध्ये. माझे कान तापले. शेठने शांतपणे मीटर उचललं. “दादी, फ्रेंच में बोलो चाहे जपानी में, रेट एक ही है,” असं म्हणून तो पुढे सिंधीत काहीतरी बोलला, तिने फ्रेंचमध्ये मान हलवली, आणि दोघांचा सौदा जमला. कापड चांगलं निघालं. गोंधळलेली तिथे मी एकटीच होते.

हळूहळू चार इमारतींतली फ्रेंच घेतलेली मुलं तिच्या हॉलमध्ये बसायला लागली. फी म्हणून काही नाही, पण वालाला मोड आले असतील तर मुलांनी सोलायचे. एकीकडे बिरडं, एकीकडे क्रियापदं. ज्याचं क्रियापद चुकेल त्याच्यापुढे आणखी मूठभर वाल. फ्रेंचमध्ये प्रत्येक वस्तू एक तर बाई असते नाही तर बाप्या, हे तिने एका वाक्यात उरकलं होतं. “टेबल बाई हाय.” “का पण, काकी?” “सासूला सासू कंला बोलतात, इचारलंस कदी? नाय ना? मंग टेबलाला कंला इचारतंस? सोल.” मुलं सोलायची. आणि पास व्हायची, चांगली पास व्हायची, हे मला नाइलाजाने नोंदवावं लागतं.

अशा घरात मी गेल्या जुलैत माझं पत्रक घेऊन गेले. ‘आठवीत फ्रेंच कशासाठी? गुणांच्या बाजाराला विरोध करा!’ त्या शाळेतलं फ्रेंच बंद व्हावं, त्याऐवजी मराठी वाचनाचे तास वाढावेत, अशा पाच मागण्या. खाली सह्यांसाठी रेघा. आत्याकडे सही मागायची नव्हती, लपवायचंही नव्हतं. तिने चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि पत्रक सगळं वाचलं. “दहातले सात,” ती म्हणाली. “तीन नंबर आनी पाच नंबर येकच मागनी हाय. कंला वाडवलंस?” आणि मी काही बोलायच्या आत खाली सही केली. पूर्ण नावाने.

“आत्ये, अगं तू फ्रेंच शिकवतेस!”

“मंग? पोरां मार्कांसाटीच शिकतात, बरोबर लिवलंस तू. मी कुटं मार्कांसाटी शिकतंय? माजं नाव तुज्या पत्रकान हाय का? नाय ना?”

फ्रेंचच्या बाईंनीच सही केली म्हटल्यावर चारही इमारतींतल्या आयांनी केल्या. माझ्या चार वर्षांच्या चळवळीत एवढ्या सह्या एका संध्याकाळी कधी मिळाल्या नव्हत्या. मुख्याध्यापकांनी निवेदन घेतलं, आणि महिन्याभरात सूचना लागली: येत्या जूनपासून शाळेत फ्रेंच नाही, खालच्या वर्गांना हिंदी, यंदाची दहावी ही शेवटची. मराठी वाचनाच्या तासांबद्दल सूचनेत एक अक्षर नव्हतं. तरी जिंकलो म्हणायला हरकत नव्हती. मी पेढे घेऊन चिखलोलीला गेले.

आत्याने पेढा हातात धरला, खाल्ला नाही. मग कपाटातल्या साड्यांखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत सतरा नंबरचा फॉर्म, शाळा सुटलेल्यांनी बाहेरून दहावीला बसण्याचा. सगळा भरलेला, पेन्सिलने. शाळेच्या जागी तीच अंबरनाथची शाळा, विषयांत फ्रेंच. हे घरात कुणालाही माहीत नव्हतं. दोन वर्षांनी बसायचा तिचा बेत होता, कारण गणित अजून तयार नव्हतं. गणिताला ती वाघासारखी घाबरायची. “मना वाटलं पोरांचं बंद करतील,” ती म्हणाली. “परीक्षेचं कंला बंद करतील?”

मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांपुढे उभी होते, निवेदन मागे घेण्याचं निवेदन हातात घेऊन. त्यांनी ते दोनदा वाचलं. “मॅडम, तुमचंच ऐकलं आम्ही. आता काय म्हणणं आहे तुमचं?” मी शाळेला जाब विचारायला गेले असते, पण जाब द्यायची पाळी माझी होती. निर्णय फिरणार नव्हता. त्यांनी एवढंच सांगितलं की ज्यांना या शाळेतून फ्रेंच घेऊन बसायचं आहे त्यांनी याच मार्चला बसावं, फॉर्मची मुदत अजून संपलेली नाही. दोन वर्षांनी बसायचं तर हिंदी.

“हिंदीच घे ना, आत्ये,” मी घरी येऊन म्हटलं. “गणिताला वेळ मिळेल. हिंदी काय, बोलतोच आपण.”

“म्हनूनच नको,” ती म्हणाली, आणि पेन्सिलवरून पेन फिरवायला बसली.

मार्चमध्ये फ्रेंचच्या पेपरला मी तिला घेऊन गेले. शाळेच्या फाटकावर नातेवाईकांच्या गर्दीत उभी राहिले. वेळ संपली, मुलं बाहेर पडली, त्यांत तिची वाल सोलणारी मुलंही होती. “काकी पुरवणी मागत होती!” एकजण ओरडला. आत्या सगळ्यांच्या शेवटी आली, छातीशी पॅड धरून.

“कसा गेला?”

“निबंद आला. तुमी फ्रेंच का शिकता.”

“मग सोपं झालं की! अपेक्षितात असेल.”

“हाय ना. मीच पोरांकडून पाठ करून घेतलाय. सुंदर भाषा हाय, परदेशान नोकरी मिलते.” ती थांबली. “मी तो नाय लिवला. दुसराच लिवला. दीड पान झाला.”

“काय लिहिलंस?”

रिक्षा स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो आणि मी बघत होते, तिचे ओठ हलत होते. एक वाक्य जुळवायची, मान हलवून पुसून टाकायची, पुन्हा जुळवायची. मी म्हटलं, अगं परीक्षा संपली, साधं मराठीत सांग. तिने माझ्याकडे बघितलं, अगदी मनापासून सांगायचं असल्यासारखं.

“मराठीत नाय येत गो ते.”

गणितात ती राहिली. जुलैत पुन्हा बसेल. फ्रेंचमध्ये चांगले गुण पडले, आणि गुणांबद्दल मी काही लिहिणार नाही असं तिला वचन दिलं आहे. आता तिच्या हॉलमध्ये कुणी येत नाही. मीच कधी जाते, पण ते दीड पान काय होतं हे विचारायचं मी सोडून दिलं. कुठल्याशा गावात कुणी तपासनिसाने ते वाचलं असेल. चुकांवर गोल केले असतील, शेवटी गुण मांडले असतील, आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली असेल. माझ्या आत्याबद्दल त्या अनोळखी माणसाला एक गोष्ट ठाऊक आहे. ती मला ठाऊक नाही.