तिसरा टर्बो

तिसरा टर्बो गेला तेव्हा मी वैतागलोसुद्धा नाही. बॉनेट उघडून नुसता बघत उभा राहिलो. पन्नाशी उलटल्यावर जुनी डिझेल गाडी पळवायचं खूळ डोक्यात घेतलं, की दुसरं काय होणार?

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा. चंद्रपूरच्या माझ्या मिस्त्रीनं पहिल्याच वेळी बजावलं होतं, "भाऊ, लहान लावा. जंगलच्या रस्त्याले तोच बरा." ऐकतो कोण! मी भंगारातून एका मोठ्या गाडीचा शोधून आणला. गाडी आष्टीच्या पुढे अशी सुटायची की माझं वय गळून पडायचं.

पहिला गेला, मी कोळशाच्या धुळीला शिव्या दिल्या. दुसऱ्याला तेल भेसळीचं निघालं म्हणालो. तिसऱ्याला मिस्त्रीलाच तोंडावर बोललो. त्यानं टर्बो बाकावर ठेवून उघडला. पंख्याचा दांडा नुसत्या बोटानं हलत होता, आणि आत करपलेल्या दुधाच्या पातेल्याला बसते तशी काळी खरवड.

"तेल जळून राह्यलं," तो म्हणाला. "गाडी पळवून आल्याबरोबर बंद करता काय कुठी? गरम पंखा फिरतच राह्यते अन् तेल थांबून जाते. दोन मिनिटं चालू ठेवत जा."

कुठे बंद करतो, ते मला ठाऊक होतं.

बायकोचं माहेर मुलचेऱ्याकडे. वाटेतल्या जंगलात, आमच्या लग्नाआधी, मोहफुलं वेचायला गेलेल्या तिच्या वडिलांना वाघानं नेलं. गावानं तिथं शेंदूर लावून दगड बसवला. येणारा-जाणारा त्यावर हिरवी डहाळी ठेवतो. बायकोचा एकच नियम, तिथं पोचलो की इंजिन लगेच बंद, आणि कोणी बोलायचं नाही. इंजिनाची घरघर सुरू असली तर ती गाडीतून उतरतच नाही.

मी मात्र सरळ रस्ता मिळाला म्हणून तिथपर्यंत सुसाट यायचो आणि किल्ली फिरवायचो. आता तिला काय सांगू? माझा टर्बो थंड होऊ दे, मग बापाला डहाळी वाहा? इतका थकलो होतो की एकदा सांगूनही टाकलं असतं. पण जीभ रेटेना.

शेवटी मुकाट्यानं लहान टर्बो बसवून घेतला. पुढच्या खेपेला दगडाच्या चार-पाच किलोमीटर आधीच वेग उतरवला. एक मोटरसायकलवाला पुढे जाऊन वळून बघून गेला. पोचल्यावर किल्ली फिरवली. तिनं डहाळी ठेवली, परत येऊन बसली आणि गाडी पुढे निघाल्यावर माझ्याकडे वळली.

"आज हळू आले तुमी," ती म्हणाली. "इतके वर्षं मले वाटे, तुमाले इथी थांबाचा कंटाळा येते. म्हनून पळवत आनता अन् उरकून टाकता."

टर्बोचं कारण ओठांवर आलं होतं. गिळलं. तिच्या लेखी त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या बापाला भेटायला आलो होतो. मी तर टर्बो थंड करत आलो होतो, आणि त्याची लाज अजून जात नाही.